स्टोअरच्या दारावर उमटलेलं नाव : मकरपुऱ्यातल्या एका कारखान्याचं प्रकरण

यंत्राने एक नाव दाखवलं आणि त्या नावाच्या पोराचा पगार अडकला. पुढे निघालं ते असं की तो त्या वेळी कारखान्यात नव्हताच, आणि चोरीही झालेली नव्हती. २०२४ च्या श्रावणात बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत घडलेलं हे प्रकरण मी जवळून पाहिलं, कारण हजेरीची आणि कॅमेऱ्यांची यंत्रणा तपासायला मालकांनी मला बोलावलं होतं. त्यांच्या आणि संबंधित कामगारांच्या परवानगीने, नावं गाळून ते इथे मांडतो आहे. चेहरा ओळखणारी यंत्रं आता लहानसहान शेडमध्येही लागतात. ती चुकली तर काय करायचं, हे मात्र ती लावण्याआधी कोणी ठरवत नाही.

कारखाना ट्रान्सफॉर्मरच्या कॉइल वाइंड करून देणारा. बडोद्यात आणि आसपास हा धंदा मोठा आहे. विजेच्या उपकरणांची चाचणी करणारी, १९७४ साली स्थापन झालेली ‘इर्डा’ ही संस्थाही मकरपुऱ्यातच आहे. मालक दांडिया बाजारातल्या जुन्या मराठी घरातले, हिशेब वहिनी बघतात. कामगारांत गुजराती आहेत, उत्तरेकडचे आहेत आणि बरेचसे खानदेशातून आलेले. निम्मे कंपनीचे, निम्मे ठेकेदाराचे. मालाची खरी किंमत आहे ती तांब्यात. कागद गुंडाळलेल्या पट्टीचं एक स्पूल, म्हणजे रीळ, साठ किलोच्या आसपास भरतं आणि तेव्हाच्या भावाने ते पन्नास हजारांच्या घरात जात होतं. स्टोअरला कुलूप हवं, कॅमेरा हवा, आत कोण गेलं ते कळायला हवं, ही मालकांची गरज अगदी रास्त होती.

हजेरीचा इतिहासही सांगायला हवा. आधी मस्टर होतं. ठेकेदाराची दहा माणसं यायची आणि बारांची हजेरी लागायची, ही तक्रार जुनी. मग अंगठ्याचं मशीन आलं. त्याने खोटी हजेरी थांबली, पण वाइंडिंगवरच्या बायकांचे हाल सुरू झाले. दिवसभर क्राफ्ट पेपर आणि तांब्याची पट्टी बोटांतून सरकत असते, वर वॉर्निशचा थर. तिथल्या एका मावशींनी मला उजवा अंगठा उजेडात धरून दाखवला होता. टोकाच्या रेषा घासून जवळजवळ सपाट झाल्या होत्या. त्या रोज सहा-सात वेळा अंगठा पुसून, फुंकर मारून पंच करायच्या आणि मागची रांग ओरडायची. कोरोनात स्पर्शाची भीती आली. मार्च २०२० मध्ये केंद्र सरकारनेही आपल्या कर्मचाऱ्यांची बायोमेट्रिक हजेरी थांबवली होती. त्यानंतर ज्यांना परवडलं त्यांनी चेहऱ्याची मशीनं घेतली. इथे ते मशीन गेटच्या आत बसलं आणि मावशींची रोजची कटकट खरोखरच संपली. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढचं वाचून कोणी तंत्रज्ञानालाच शिव्या घालू नयेत.

गेटवर नीट चाललं म्हणून मालकांनी तसंच मशीन स्टोअरच्या दारावर लावून घेतलं आणि ते दाराच्या चुंबकी कुलपाला जोडलं. चेहरा जुळला की दार उघडतं आणि नाव, वेळ नोंदली जाते. व्हरांड्यात दारावर एक कॅमेरा, गेटवर दुसरा, आणि दोन्हींचं रेकॉर्डिंग ऑफिसातल्या रेकॉर्डरवर.

श्रावणाच्या मध्यावर एका सोमवारी सकाळी स्टॉक घेतला तेव्हा एक स्पूल कमी भरलं. सुपरवायझरने स्टोअरच्या दाराची नोंद काढली. शनिवारी संध्याकाळी ७:५२ ला दार उघडलं होतं आणि नाव होतं ठेकेदाराच्या एका हेल्परचं. विशीतला मुलगा, खानदेशातला. त्याचा थोरला भाऊ त्याच कारखान्यात आधीपासून कामाला. मग गेटच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग पाहिलं. त्यात हा मुलगा ७:५५ ला बाहेर पडताना दिसला, खांद्याला सॅक. ७:५२ ला स्टोअरमध्ये, ७:५५ ला गेटबाहेर. सुपरवायझरच्या दृष्टीने आणखी काही बघायची गरजच उरली नाही. गेटच्या मशीनवर त्याचा बाहेर पडल्याचा पंच ७:४४ चा होता, पण त्याचंही उत्तर त्यांनी शोधलं: आधी पंच करून ठेवला आणि परत आत वळला. साठ किलोचं स्पूल सॅकमधून कसं जाईल, असं मी नंतर विचारलं. त्यावर, पट्टी कापून थोडी थोडी नेली असेल, हे उत्तर तयार होतं. एकदा नाव मिळालं की माणसाचं मन त्या नावाभोवती गोष्ट विणत जातं.

थोरला भाऊ सोमवारीच मालकांपुढे उभा राहिला होता. “शेठ, आत मी गेलो होतो. ओव्हरटाइमला होतो, मला माल ठेवायला पाठवलं होतं. धाकट्याचं नाव कसं आलं ते मला काय माहीत?” त्याचं म्हणणं कोणी लिहूनसुद्धा घेतलं नाही. भावाला वाचवतोय, असं सगळ्यांनी धरलं. मालक स्वभावाने कठोर नाहीत. तेही म्हणाले, “मशीन खोटं कशाला बोलेल?” ठेकेदाराने मुलाला उद्यापासून येऊ नकोस सांगितलं आणि महिन्याचा पगार रोखून ठेवला. पोलिसांत जायचं चाललं होतं. वहिनींनी दोन दिवस थांबा म्हटलं म्हणून ते टळलं. मला फोन त्यांचाच आला.

फोनवर मी एकच गोष्ट सांगितली: शनिवारचं रेकॉर्डिंग आधी पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा. त्या रेकॉर्डरमध्ये पंधरा दिवसांचंच चित्रण राहत होतं, मग जुन्यावर नवं चढायचं. हे किती महत्त्वाचं ठरलं ते महिनाअखेरीस कळलं. विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं, रस्ते बंद झाले, कारखाना बंद राहिला आणि सगळी चौकशी सप्टेंबरवर गेली. उतरवून ठेवलं नसतं तर मुलाला सोडवणारा एकमेव पुरावा आपोआप पुसला गेला असता. ते पुराचे दिवस त्याने बिनपगारी काढले, हेही विसरता येत नाही.

दोन घड्याळं

तपासाची किल्ली मिळाली ती वेळेत. गेटचा कॅमेरा असा लावलेला होता की त्यात हजेरीचं मशीनही दिसायचं. म्हणजे माणूस पंच करतानाचा क्षण दोन ठिकाणी नोंदला जात होता, मशीनच्या घड्याळावर आणि रेकॉर्डरच्या घड्याळावर. शनिवारी संध्याकाळी बाहेर पडलेल्यांचे पंच घेऊन मी ते एकेक करून रेकॉर्डिंगशी ताडले. प्रत्येक माणसामागे फरक तोच: रेकॉर्डर अकरा मिनिटं पुढे. गेटचं आणि स्टोअरचं मशीन एकाच सॉफ्टवेअरकडून वेळ घेत होती, त्यामुळे त्यांच्यात फरक नव्हता. रेकॉर्डर मात्र कोणी इंटरनेटच्या वेळेशी जोडलाच नव्हता. बसवला त्या दिवशी हाताने वेळ लावली आणि मग तो आपल्या गतीने सरकत राहिला.

आता हिशेब सरळ झाला. रेकॉर्डिंगवरचे ७:५५ म्हणजे मशीनचे ७:४४. तोच तो बाहेर पडल्याचा पंच. मुलगा पंच करून बाहेर पडला आणि परत आला नाही. स्टोअरचं दार त्यानंतर आठ मिनिटांनी उघडलं. व्हरांड्याच्या कॅमेऱ्यात ते ८:०३ ला दिसतं: पिवळं हेल्मेट घातलेला एकजण भरलेली ट्रॉली ढकलत आत जातो आणि थोड्या वेळाने रिकामी ट्रॉली घेऊन बाहेर येतो. माल आत ठेवला जात होता. सुपरवायझरने व्हरांड्याचं रेकॉर्डिंगही पाहिलं होतं, पण ७:५२ च्या आसपासचं. तिथे काहीच दिसलं नाही तेव्हा कॅमेऱ्याने त्या वेळी पकडलं नसेल, असं समजून सोडून दिलं.

आणि स्पूल? ते शनिवारी दुपारीच पलीकडच्या एका शेडमध्ये कागद गुंडाळायला जॉबवर्कला गेलं होतं. माल चिठ्ठीवर गेला, चलान सोमवारी दुपारी बनलं, स्टॉक सोमवारी सकाळी घेतला. नोंदीचा हा खेळ तिथल्या कुठल्याही शेडमध्ये दर महिन्याला होतो आणि एरवी कोणाचं काही बिघडत नाही. या वेळी दाराच्या यंत्राने एक नाव पुढे केलं, म्हणून चलानाच्या उशिराला चोरीचं रूप आलं.

धाकट्याचं नाव का आलं

चेहरा ओळखणारं यंत्र फोटो फोटोशी ताडत नाही. चेहऱ्यावरून ते शेकडो आकड्यांची एक मालिका काढतं आणि ती साठवलेल्या मालिकेच्या किती जवळ आहे हे मोजतं. किती जवळ आलं की ‘जुळलं’ म्हणायचं, ही रेघ माणूस आखतो. रेघ सैल ठेवली तर परका आत शिरतो, घट्ट केली तर घरचाच बाहेर राहतो. दोन्ही एकदम शून्यावर आणणारी रेघ नसते. या कारखान्यात सकाळची रांग लांबते म्हणून मशीन बसवणाऱ्याने ती सैल केली होती, आणि स्टोअरच्या मशीनवरही तीच कायम राहिली. रांगेसाठी घेतलेला निर्णय तिजोरीच्या दाराला लागू झाला.

दुसरा मुद्दा याहून मोठा आहे. ‘हा अमुकच आहे का’ आणि ‘हा कोण आहे’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्यात माणूस कार्ड किंवा नंबर देऊन आपण कोण ते आधी सांगतो आणि यंत्र फक्त त्याच एका नोंदीशी ताडतं. दुसऱ्यात यंत्र सगळ्या यादीत शोधत सुटतं. दहा हजार तुलनांत एकदा चुकणारं यंत्र घ्या. शंभर जणांच्या यादीत ते शोधत असेल, तर यादीबाहेरचा माणूस कोणाच्या तरी नावावर खपण्याची शक्यता साधारण शंभरात एकवर येते. आणि हा आकडा एकमेकांशी नातं नसलेल्या माणसांचा. जुळ्यांत आणि सख्ख्या भावंडांत चूक कितीतरी वाढते, हे या क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहे. या मशीनच्या यादीत कारखान्यातली सगळीच माणसं होती, कारण गेटची यादी जशीच्या तशी स्टोअरच्या मशीनवर चढवणं हे बसवणाऱ्याला सोपं पडलं होतं. वास्तविक स्टोअरमध्ये जायचा अधिकार पाच-सहा जणांचाच. त्या यादीत धाकटा नसता तर त्याचं नाव येणंच शक्य नव्हतं.

यात भर पडली श्रावणाची. थोरला श्रावण पाळतो, महिनाभर दाढीला हात लावत नाही. त्याची नोंदणी झाली तेव्हा चेहरा गुळगुळीत होता, डोक्यावर हेल्मेट होतं आणि वरून ट्यूबलाइटचा उजेड. धाकट्याला बारा महिने दाढी आणि त्याची नोंदणी दिवसाढवळ्या, नीट झालेली. दोघांना मी शेजारी उभं केलं तेव्हा दाढी वाढलेला थोरला आपल्या जुन्या फोटोपेक्षा धाकट्यासारखा जास्त दिसत होता. यंत्राने तेच केलं जे त्याला करायला लावलं होतं.

ज्या क्षणी दार उघडतं त्या क्षणाचा चेहऱ्याचा फोटो साठवायची सोय मशीनमध्ये होती. जागा वाचवायला ती बंद ठेवलेली. आणि व्हरांड्याचा कॅमेरा दहा फुटांवरून खाली बघणारा, त्यात फक्त हेल्मेट दिसायचं. ओळख पटवायला कॅमेरा चेहऱ्याच्या उंचीच्या जवळपास लागतो, पाठीमागून ऊन येणार नाही अशा बाजूला. छताजवळच्या कॅमेऱ्याने हालचाल कळते, माणूस कळत नाही. बहुतेक ठिकाणी कॅमेरे छताजवळच असतात, कारण तिथे त्यांना कोणी हात लावत नाही आणि वायर लपते.

कायदा काय म्हणतो

पगाराबद्दल कायदा जुना आणि स्पष्ट आहे. १९३६ च्या वेतन अधिनियमात, मालाच्या नुकसानीपोटी पगार कापायचा तर आधी कामगाराला आपली बाजू मांडायची संधी द्यावी लागत होती. त्याच्या जागी २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही ही अट आहे. इथे कपात लेखी नव्हतीच, पगार नुसता अडवून ठेवला होता. म्हणजे ती आणखी वाईट गोष्ट.

चेहऱ्याच्या माहितीबद्दल बोलायचं तर २०११ चे माहिती तंत्रज्ञानाचे नियम बायोमेट्रिक माहितीला संवेदनशील मानतात. २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा नोकरीच्या कामासाठी आणि मालकाचं नुकसान टाळण्यासाठी संमतीशिवाय माहिती वापरायची मुभा देतो, हे मालकांना कोणीतरी सांगितलं होतं. पुढचं सांगितलं नव्हतं: माहिती सुरक्षित ठेवायची जबाबदारी त्यांचीच, काम संपलं की ती पुसायची जबाबदारीही त्यांचीच, आणि सुरक्षेत हयगय झाली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होणार आहेत. गेटवर येणारे ट्रकवाले आणि माल बघायला येणारे पाहुणे तर नोकरच नाहीत. त्यांचा चेहरा नोंदायला नोकरीची सबब चालत नाही.

मालकांची एक इच्छा अशी होती की आता सगळ्याच कॅमेऱ्यांवर चेहरा ओळखणं सुरू करावं, म्हणजे अशी गल्लत पुन्हा होणार नाही. मी त्याला ठाम विरोध केला. अमेरिकेत राइट एड या औषधदुकानांच्या साखळीने नेमकं हेच केलं होतं. चुकीच्या जुळणीवरून ग्राहकांवर चोरीचे आळ आले आणि डिसेंबर २०२३ मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने त्यांना पाच वर्षं हे तंत्र वापरायला बंदी केली. ब्रिटनमध्ये सर्को लेझर या कंपनीला तिथल्या माहिती आयुक्तांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये कर्मचाऱ्यांच्या हजेरीसाठी चेहरा आणि बोटांचे ठसे घेणं थांबवायला लावलं. दोन हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांचा प्रश्न होता, आणि मुख्य आक्षेप हा की नको म्हणणाऱ्याला दुसरी वाटच ठेवलेली नव्हती. आपल्याकडे कायदा वेगळा आहे, पण हा आक्षेप मकरपुऱ्यातही तितकाच खरा आहे.

काय बदललं

स्टोअरच्या दारावर आता आधी कार्ड लागतं, मग चेहरा. कार्ड सांगतं कोण, यंत्र फक्त खातरजमा करतं. अधिकार सहा जणांना आणि ती यादी वहिनींच्या सहीशिवाय बदलत नाही. दारावरच्या मशीनवर रेघ घट्ट केली, गेटवर आहे तशी ठेवली. दार उघडतानाचा फोटो महिनाभर राहतो. रेकॉर्डर आणि मशीनं एकाच वेळेशी जोडली, तरी दर सोमवारी एक पंच रेकॉर्डिंगशी ताडून बघायचा, असं ठरलं. एक मिनिटाचं काम आहे. सगळ्यांची नोंदणी हेल्मेट काढून, समोरून उजेड घेऊन पुन्हा केली. दाढी वाढवली, मोठा चष्मा आला, तोंडाला इजा झाली की पुन्हा नोंदणी, आणि ती कामाच्या वेळात.

मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते गेटवरचं रजिस्टर. यंत्राने दोनदा नाकारलं की वॉचमनकडच्या वहीत नाव, वेळ आणि सुपरवायझरची सही. त्या दिवसाची हजेरी पूर्ण, उशिराची कपात नाही, आणि त्या माणसाला बाजूला उभं करायचं नाही. सुरुवातीला सुपरवायझर म्हणाले की याने पुन्हा खोट्या हजेऱ्या सुरू होतील. होऊ शकतात. म्हणूनच वही रोज संध्याकाळी गेटच्या रेकॉर्डिंगशी ताडली जाते. ते काम कॅमेरा उत्तम करतो. हीच त्याची खरी जागा आहे. यंत्र आणि माणूस यांच्यात वाद झाला की तिसरा साक्षीदार म्हणून कॅमेरा उभा राहतो. इथे तो पहिल्या दिवसापासून होताच, पण त्याला विचारायच्या आधीच निकाल लागला होता.

कॅमेरे कुठे आहेत, काय साठवतात, किती दिवस आणि तक्रार कोणाकडे करायची, याची पाटी गेटवर मराठी, गुजराती आणि हिंदीत लागली. यंत्राच्या नोंदीवरून कोणाला जबाब विचारायचा झाला तर त्याचं म्हणणं त्याच दिवशी लिहून घ्यायचं आणि त्याच्यासमोर रेकॉर्डिंग बघायचं, हा नियम ठेकेदाराच्या करारातही घातला. थोरल्याचं सोमवारचं म्हणणं कोणी कागदावर घेतलं असतं तर त्याच दुपारी चलानाकडे लक्ष गेलं असतं.

मुलाचा रोखलेला पगार आणि घरी बसवलेल्या दिवसांचे पैसे ठेकेदाराने दिले. मालकांनी ते द्यायलाच लावले आणि सगळ्या शिफ्टसमोर, तो निर्दोष आहे, हे बोलून दाखवलं. तो मात्र परत कामावर आला नाही. बडोद्याजवळच्या सावली गावाकडे दुसऱ्या कामाला लागला. जाताना त्याने एकच मागणी केली, माझा चेहरा तुमच्या मशीनमधून काढा. ती रास्त होती आणि गेटवरच्या व स्टोअरच्या मशीनमधून ती नोंद त्याच्यासमोर पुसली. तेव्हा लक्षात आलं की ठेकेदाराची सोडून गेलेली कितीतरी माणसं यादीत अजून तशीच होती, तीही काढली. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, चेहरा बदलता येत नाही.

एक गोष्ट अजून लटकलेली आहे. मशीन बसवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवरही या नोंदींची प्रत जाते. पुसल्याचं त्यांनी ईमेलने कळवलं, पण बॅकअपमधल्या प्रतीचं काय आणि ती किती दिवस राहते, याचं उत्तर दिलेलं नाही. वहिनींनी देखभालीच्या वार्षिक कराराचे पैसे त्या उत्तरासाठी अडवून ठेवले आहेत. नव्या करारात दोन कलमं घालायला मी लिहून दिली आहेत: नोंदी कारखान्याच्या मालकीच्या, आणि पुसल्याचा लेखी दाखला ठरलेल्या मुदतीत. त्यावर त्यांची सही अजून आलेली नाही.